मापवहीत सापडलेलं प्रथिन

मागच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तू सौसरच्या तुझ्या शिलाईच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलाजवळ कोसळलीस. दहा वाजता दवाखान्यात डॉक्टरांनी तुला मृत घोषित केलं. वय बावन्न.

ताई, मृत्यूच्या बातमीत पहिल्या वाक्यात कोण, कधी, कुठे आणि दुसऱ्या वाक्यात कशानं, हे मी नागपूरच्या बातम्यांच्या टेबलावर सव्वीस वर्षं इतरांना शिकवत आलो. तो दुसऱ्या वाक्यातला प्रश्न आपल्या घरात तुझ्याआधी कुणी विचारला नव्हता. माणूस गेला की आपल्याकडे कारण आपोआप यायचं. उन्हानं गेला. गोट्यानं गेला. कुणाची तरी नजर लागली. तू शेवटच्या पंधरा वर्षांत 'कशानं' हा प्रश्न सोडला नाहीस, म्हणून तुझ्याबद्दल लिहिताना तिथूनच सुरुवात करतो.

बाबांचं आधी सांगायला हवं. बाबा संत्र्याच्या तोडीला जायचे. बोरगाव, मोहगावच्या बागांत त्यांना मागणी होती, कारण ते शिडीशिवाय शेंड्याचं फळ काढायचे. बागवाले म्हणायचे, "भीमराव असला तं शिडीवाला माणूस कमी करा." बाबांना त्याचा अभिमान होता. आपल्या घराला उंचीचा अभिमान होता. मोठे काकाही तसेच. लांब हात, लांब बोटं, चेहरा चिंचोळा. काका चाळिशीत बागेतच छाती धरून बसले आणि उठले नाहीत. ऊन लागलं, असं ठरलं.

मग तीस वर्षांपूर्वीची गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दरवर्षीच्या रिवाजानं एकमेकांवर गोटे. बाबा पांढुर्ण्याच्या बाजूला उभे होते. पलीकडे त्यांचा तोडीतला जोडीदार नामदेव. तो हसत ओरडला, "भीमराव, लपू नोको, तुले झाडामागं जागा नाही पुरत! घे!" आणि गोटा आला. डाव्या खांद्याला लागला. बाबाही हसले. बसनं घरी आले, जेवले. पहाटे म्हणाले, पाठीत कोणी चाकू फिरवून राहिलं. सूर्य उगवायच्या आत गेले. नामदेवकाकाचा गोटा लागून गेले, असं ठरलं. शंभर माणसांनी तो गोटा पाहिला होता. दुसरं कारण शोधायचं कुणाला सुचलं नाही, आणि मलाही नाही. मी अठरा वर्षांचा होतो आणि गोट्याची गोष्ट सांगताना मला थोडा मोठेपणा वाटायचा.

तुला ते कळलं तुझ्या डोळ्यामुळे. सुईत दोरा जाईना म्हणून तू मोहगावच्या नेत्रशिबिरात गेलीस. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात पाहिलं, मग म्हणाले, "बाई, हात दाखवा." तू घरी येऊन मला फोनवर सांगितलंस ते असं: "डोळ्याचा डॉक्टर माहा हात कायले पाहून राहिला, मले समजेना. म्हणे अंगठा आत घालून मूठ करा. केली. अंगठा पलीकडून बाहेर आला. तं त्यानं दुसऱ्या डॉक्टरले हाक मारली. दोघंही माह्या अंगठ्याकडे पाहून राहिले, जसं का मी मेळ्यातली जादूवाली आहो."

तुझ्या डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलं होतं. त्यांनी तुला नागपूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी सोबत होतो. डॉक्टर बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. इको करून त्यांनी विचारलं, घरात कोणी अचानक गेलं का?

तू म्हणालीस, "बाबा गेले. गोटमारीत गोटा लागला."

"गोटा कुठे लागला?"

"खांद्याले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाठ दुखली अन् गेले."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "खांद्याला लागून माणूस दुसऱ्या दिवशी पाठ दुखून जात नाही, शीलाताई."

त्या दिवशी आपण फायब्रिलिन हा शब्द पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी सांगितलं ते मी टिपून घेतलं होतं. शरीर नुसत्या पेशींचं नसतं. पेशींच्या बाहेर त्यांना धरून ठेवणारं एक जाळं असतं, आणि फायब्रिलिन हे त्या जाळ्यातलं एक प्रथिन. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, दर ठोक्याला ताणली जाते आणि परत मूळ आकाराला येते. ताणणारे तंतू वेगळे, पण ते ज्याच्या आधारानं रचले जातात तो सांगाडा फायब्रिलिनचा. डोळ्यातलं भिंग ज्या बारीक दोऱ्यांनी टांगलेलं असतं तेही मुख्यतः त्याचेच. शिवाय वाढीचा एक संदेश हे प्रथिन बांधून ठेवतं. ते सदोष असलं की तो संदेश मोकळा सुटतो, हाडं लांबतात. आणि महाधमनी वर्षानुवर्षं फुगत जाते. एक दिवस तिच्या भिंतीला आतून चीर पडते. आई किंवा बापाकडून हा दोष मुलाला येण्याची शक्यता निम्मी. सगळ्यांत सारखा दिसत नाही, पण पिढी सोडून उडी मारत नाही.

मी हे बसमध्ये तुला पुन्हा वाचून दाखवलं. तू खिडकीतून बाहेर पाहत होतीस. सौसरचा फाटा आला तेव्हा म्हणालीस, "मतलब, बकरम खराब आहे."

"काय?"

"कॉलरीत बकरम असते ना रे. दिसत नाही. वरून कापड, खालून कापड. पण कॉलर उभी राह्यते ते बकरमवर. ते हलकं निघालं तं कापड कितीही भारी असो, चार धुण्यात कॉलर लोळते."

मी म्हणालो, हे तंतोतंत नाही. तू म्हणालीस, "तंतोतंत तुह्या पेपरात लिव्ह. मले घरच्यायले सांगाचं आहे." दोन वर्षांनी त्याच डॉक्टर दुसऱ्या एका रुग्णाला माझ्यासमोर बकरमचं उदाहरण देत होत्या.

त्यानंतर तू जे केलंस, ते मी माझ्या नोकरीत फार थोड्या लोकांना करताना पाहिलं. तू मापाच्या वह्या काढल्यास. पंधराव्या वर्षी शिवायला लागल्यापासूनच्या सगळ्या. प्रत्येक गिऱ्हाईकाची लांबी, छाती, कंबर, खांदा, बाही. घरच्यांची मापंही त्यात होती, कारण घरच्यांचे कपडे तूच शिवायचीस. एका जुन्या वहीत बाबांचा शेवटचा सदरा: बाही साडेसत्तावीस इंच. त्याच लांबीचा सदरा घालणाऱ्या इतर माणसांची बाही तू शेजारी मांडलीस. बाबांची तीन इंच जास्त. मोठ्या काकांची अडीच. काकांच्या मुलाची, म्हणजे आपल्या देवानंदची, पावणेतीन. तुझी स्वतःची. माझी मात्र चारचौघांसारखी. मी आईवर गेलो. तू हे सगळं चौकटीच्या कागदावर बापापासून मुलांपर्यंत रेघा ओढून लिहिलंस आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलंस. त्या म्हणाल्या, "हा वंशवृक्ष तुम्हाला कोणी करून दिला?" तू म्हणालीस, "टेपनं."

डॉक्टरांनी तुला बजावलं होतं की उंच माणूस म्हणजे आजारी माणूस नाही, लांब बाही हा पुरावा नाही, पुरावा इकोत असतो. हे ऐकायला तुला वर्ष लागलं. मधल्या काळात तू छिंदवाड्याच्या बसमध्ये एका उंच कंडक्टरला मूठ करायला लावलीस. त्याला वाटलं तू हात पाहणारी. त्यानं विचारलं, "बाई, प्रमोशन कब है?" तू त्याचा अंगठा तपासून म्हणालीस, "प्रमोशन का पता नहीं, दिल अच्छा है." तो प्रवासभर खूश होता.

आपलं खरं भांडण सावरगावात झालं. ते मिटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सात वर्षांपूर्वी तू मला घेऊन नामदेवकाकाकडे गेलीस. बाबा गेल्यापासून त्या घराशी आपलं बोलणं नव्हतं. ते बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. आपल्याला पाहून त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"कोण व्हय?"

"भीमरावची शीला. अन् हा विजू."

त्यांनी बाजेवर जागा केली. मग म्हणाले, "बसा. गाली द्याले आली असशील तं चहा झाल्यावर दे. चुल्यावर आहे."

तू बसलीस आणि एका दमात सांगितलंस. "काका, बाबा तुमच्या गोट्यानं नाही गेले. छातीतली मोठी नस आधीचीच फुगेल होती. मलेही तेच आहे, जांच झाली. गोटा नसता लागला तरी ती नस फुटणारच होती. हे सांगाले आली."

नामदेवकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला, पेपरवाला. "हे खरं होय का, बाबू?"

मी म्हणालो, "बहुधा."

ताई, तू माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंस ती मला आठवते. पण मी खोटं बोललो नव्हतो. बाबांची तपासणी झालेली नव्हती. लक्षणं जुळत होती, घरात दोष होता, खांद्याच्या मारानं असं मरण येत नाही हे डॉक्टरांचं मत होतं. यातलं काहीही सिद्ध नव्हतं. बातमीत आपण याला 'बहुधा' म्हणतो.

तू काकांचा हात धरून म्हणालीस, "त्याचं नोको ऐका. त्याले बहुधा म्हणाचा पगार भेटते. नसच फुटली. तुमचा गोटा नव्हता."

म्हाताऱ्यानं दुसऱ्या हातानं डोळे पुसले. मग सांगितलं की तेवीस वर्षं त्यांनी नदीचा पूल ओलांडला नव्हता. पांढुर्ण्याच्या बाजारात भाजी घ्यायलासुद्धा सून जायची. "लोक काई म्हणत नव्हते," ते म्हणाले. "पण मी पायाले काय सांगू?"

परत येताना पुलावर मी तुला म्हणालो की तू त्यांना जे सांगितलंस ते निश्चित नाही. तू थांबलीस. "विजू, बहुधा म्हणून माणूस पूल नाही ओलांडत."

मी म्हणालो, खरं काय हेही महत्त्वाचं असतं. तू म्हणालीस, "मंग बाबायले चिरून पाहाले पाह्यजे होतं. तेव्हा कोणी नाही पाह्यलं. आता तू माह्या तोंडावर बहुधा मारून राहिला." त्या भांडणात कोण बरोबर होतं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात नामदेवकाका पांढुर्ण्याच्या बाजारात वांगी घेताना दिसले, हे मात्र दोन जणांनी मला स्वतंत्रपणे सांगितलं.

वर्षभरानं तुझं ऑपरेशन झालं. महाधमनीचं मूळ काढून तिथं कृत्रिम नळी बसवायची होती. तरुण सर्जननं नळीचा नमुना दाखवला तेव्हा मी तिकडे पाहिलं नाही. तू ती हातात घेतलीस, नखानं चुण्या मोजल्यास.

"कायचं कापड आहे?"

"पॉलिएस्टर. विणलेलं."

"अन् ह्या चुण्या?"

"वाकली तरी मुडपू नये म्हणून."

"आडव्या घेतल्या. बराबर." मग उजेडाकडे धरून, "वीण दाट आहे. आटणार तं नाही ना, डॉक्टर? शंभर वर्षं आत भिजून राहाचं आहे."

सर्जन हसला. म्हणाला, शिवणीची परीक्षा आज पहिल्यांदाच होते आहे माझी. तू म्हणालीस, "टाके बारीक घ्या. उलटी बाजूही लोक पाह्यतात." सहा आठवड्यांनी तू दुकानात होतीस.

डॉक्टरांनी निघताना जे सांगितलं होतं तेही नोंदवतो. वरचा भाग बदलला, खालची महाधमनी जुनीच आहे, दोषही तिच्यात तोच आहे. गोळ्या रोज, स्कॅन वेळच्या वेळी. गोळ्या तू चुकवल्या नाहीस. शेवटचा स्कॅन दोन महिने लांबला. मी दोनदा फोन केला. तू म्हणालीस, "प्राचीचं आटपलं का करतो." मी तिसऱ्यांदा फोन केला नाही. ते लिहायला हवं.

प्राची देवानंदची मुलगी, आता अठरा वर्षांची. शाळेत व्हॉलीबॉलच्या संघात खेळायची. नवव्या वर्गात तिच्या शाळेच्या ड्रेसचं माप घेताना तू टेप खाली ठेवलास. देवानंदला बोलावून सांगितलंस, पोरीचा इको कर, तुझाही कर. तो नाही म्हणाला. तुझं-त्याचं भांडण दुकानात गिऱ्हाइकांसमोर झालं.

"ताई, तुले बिमारी झाली म्हणून साऱ्या खानदानाले नोको लावू. पोरीच्या लग्नाच्या वक्ती कोणी इचारलं तं काय सांगू?"

"लग्नाले पोरगी जित्ती लागते, देवा."

"खेळून राहिली ना चांगली? पाह्यली का उडी तिची?"

"बाबाही शेंड्याचं फळ तोडत होते."

तो उठून गेला. तू प्राचीचा ड्रेस शिवला नाहीस. कापड घडी करून कपाटात ठेवलंस आणि निरोप धाडलास: इको नाही तं ड्रेस नाही. सौसरमध्ये इतर शिंपी नव्हते असं नाही. पण देवानंदच्या बायकोनं दुसरीकडे शिवायला नकार दिला. म्हणाली, "शीलाताईनं कापड अडवलं मतलब काहीतरी आहे." मुलगी पंधरा दिवस जुन्या, आखूड बाह्यांच्या ड्रेसमध्ये शाळेत गेली. सोळाव्या दिवशी देवानंद तिला घेऊन नागपूरला गेला. दोघांनाही दोष निघाला. त्याची महाधमनी थोडी फुगलेली, गोळ्यांवर भागलं. तिची दर तपासणीला वाढत गेली. व्हॉलीबॉल बंद झाल्यावर ती तुझ्याशी महिनाभर बोलली नाही. नंतर ती संघाचा स्कोअर लिहायला लागली आणि संध्याकाळी तुझ्या दुकानात काज-बटण करायला.

या वर्षी तिच्या महाधमनीच्या मुळाचं माप अठ्ठेचाळीस मिलिमीटर आलं; पन्नासला ऑपरेशन ठरतंच. घरात दोन मृत्यू झालेले, म्हणून डॉक्टरांनी थांबू नका म्हटलं. ऑपरेशनची तारीख मिळाली: या सोमवारची.

तू मला या सगळ्यावर पेपरात लिहायला सांगत होतीस. नावानिशी. "आपल्या तालुक्यात अशी अजून घरं असतील, विजू. कोणी ऊन म्हणत असन, कोणी नजर." मी म्हणालो, घरची बातमी घरच्यानं लिहू नये, आणि प्राचीचं नाव छापून येणं बरं नाही. तू म्हणालीस, "तू देवानंदचंच बोलून राहिला, फक्त शुद्ध भाषेत." हा लेख लिहिण्यापूर्वी मी प्राचीला आणि देवानंदला विचारलं. दोघांनी हो म्हटलं.

आता मंगळवारचं.

तू गेल्यावर दुकानाच्या कपाटात प्राचीला एक पाकीट सापडलं. तिला ते कुठे आहे हे माहीत होतं. आत डॉक्टरांचं पत्र आणि तुझ्या हातचा कागद. "मी अचानक गेली तर मला नागपूरला नेऊन चिरून पाहावे. विजूने सही करावी. माझ्या वेळी बहुधा नको." मी दोन वेळा वाचलं. तेव्हा मला समजलं की सावरगावच्या पुलावरचं भांडण तू सोडलं नव्हतंस, आणि माझी बाजू तू माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली होतीस.

विहारातले वडीलधारे म्हणाले, बाईमाणसाच्या देहाची अशी विटंबना करू नका. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी आईकडे पाहिलं. आई ओट्यावर बसली होती, पंचाहत्तर वर्षांची, तुझी चप्पल हातात घेऊन. ती म्हणाली, "तिनं लिव्हलं आहे ना? मंग मले काय इचारता? तिच्या बापाले कोणी पाह्यलं नाही तं तेवीस वर्ष त्या नामदेवले खाल्लं आपण. न्या."

दुपारी तुला नागपूरला नेलं. मी सही केली.

रुग्णालयाच्या बाहेर देवानंद भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "विजूदादा, सोमवारचं क्यान्सल करून राहिलो मी. ताईनं ऑपरेशन केलंच होतं ना? नळी टाकली, सारं केलं. तरी गेलीच ना? मंग मी माह्या पोरीची छाती कायले फाडू?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. तुझ्या जाण्यानं तुझंच पंधरा वर्षांचं म्हणणं खोटं ठरत होतं, आणि त्याची किंमत प्राची देणार होती.

साडेपाच वाजता तुझ्या हृदयाच्या डॉक्टर बाहेर आल्या. त्यांच्यासोबत तपासणी करणारे डॉक्टर. मी वहीत लिहून घेतलं, सवयीनं, आणि देवानंदला वाचून दाखवलं. वर बसवलेली नळी शाबूत. शिवणीचे सगळे टाके शाबूत, कुठेही गळती नाही. चीर खाली, छातीच्या मागच्या बाजूला, न बदललेल्या भागात. रक्त डाव्या बाजूला साठलेलं. बदललेला भाग टिकला, न बदललेला फाटला.

देवानंदनं विचारलं, "म्हणजे जे शिवलं ते नाही उसवलं?"

डॉक्टर म्हणाल्या, "एकही टाका नाही."

"बहुधा का नक्की?"

"नक्की. मी डोळ्यांनी पाहिलं."

तो खाली बसला आणि तिथेच मोठ्यानं रडला. तुझ्यासाठी तो तेव्हा पहिल्यांदा रडला.

बुधवारी सकाळी सौसरला तुझ्यावर अंत्यसंस्कार झाले. सावरगावहून नामदेवकाका आले होते, नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून. त्यांनी आपणहून कुणाला काही सांगितलं नाही, कोण तुम्ही, असं एकानं विचारलं तेव्हा म्हणाले, "भीमरावचा जोडीदार."

एक अडचण उरली होती. जलदान विधी आणि पुण्यानुमोदन सातव्या दिवशी धरलं होतं, म्हणजे सोमवारीच. देवानंद चुलत भाऊ, प्राची तुझ्या दुकानातली. ते दोघं नसताना विधी कसा करायचा, असं काही जण म्हणाले. ऑपरेशन आठ दिवस पुढं ढकला, असंही कुणी सुचवलं. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शुक्रवारी भंतेजीले वेळ आहे का?" वेळ होता. विधी शुक्रवारी झाला. त्रिशरण-पंचशील झाल्यावर चार शब्द बोलायला कुणी उठेना, तेव्हा प्राची उठली. ती म्हणाली, "आत्यानं माहा ड्रेस पंधरा दिवस अडवला होता. मी तिले लय शिव्या देल्या. आज मी सांगतो, ज्यायच्या घरी कोणी अचानक गेलं असन, त्यायनं जांच करा." एवढंच बोलून ती बसली. विहारात बसलेल्यांपैकी दोन घरांनी त्याच दिवशी मला डॉक्टरांचा पत्ता विचारला. दोन्ही घरं उंच माणसांची नाहीत. ते जातील की नाही, मला माहीत नाही.

मी तुला कधी म्हटलं नाही की मला तुझा अभिमान आहे. बातमीदारांना विशेषणं टाळायची सवय लागते आणि ती घरातही राहते. आठवी शिकलेल्या एका शिंपिणीनं टेप आणि वहीच्या जोरावर आपल्या घराच्या तीन पिढ्यांचा दोष शोधला, एका म्हाताऱ्याला तेवीस वर्षांच्या अपराधीपणातून सोडवलं, आणि स्वतःच्या देहातून एका प्रश्नाचं निश्चित उत्तर मागे ठेवलं. यात कौतुकाचं एकही विशेषण नाही. ताई, मला तुझा अभिमान आहे.

शनिवारी प्राची नागपूरला दाखल झाली. सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. संमतीच्या कागदावर देवानंदनं सही केली. त्याच सकाळी त्यानं स्वतःच्या स्कॅनची नोंदणी केली. दुपारी दोन पस्तीसला सर्जन बाहेर आले आणि नळी बसली, झडप वाचली, असं सांगितलं. रात्रभर ती व्हेंटिलेटरवर होती. मंगळवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी व्हेंटिलेटर काढला. सात वाजून पाच मिनिटांनी तिनं पाणी मागितलं.